सदतिसावी तक्रार

१

पोहण्याच्या तलावात माणूस बुडाला, ही बातमी झाली. पण तो पाच जणांच्या डोळ्यांदेखत बुडाला, आणि ज्याला बुडणाऱ्याला वाचवण्यासाठीच नेमलं होतं तो सहावा उंच खुर्चीवर बसून नुसता बघत राहिला, हे प्रकरण झालं. बातमी दोन दिवसांत शिळी होते. प्रकरण मात्र कुणाच्या तरी गळ्यात बांधल्याशिवाय संपत नाही.

गळा तयार होता. तलावावरचा जीवरक्षक, वय एकतीस. लहानपणापासून पाण्यातच, म्हणून सगळे त्याला मासा म्हणत. सोमवारी सकाळी सव्वासहाला एक निवृत्त मुद्रितशोधक खोल बाजूला चक्कर येऊन पाण्याखाली गेले. मासा बारा पावलांवर होता. तो उठला नाही. दोघांनी त्याला हात धरून खुर्चीवरून खाली ओढलं, तेव्हा तो पोत्यासारखा फरशीवर पडला, आणि बघणारे म्हणाले, आता नाटक करतोय. पोलिसांनी रक्त तपासलं. दारूचा थेंब नाही. झोपला होता म्हणावं, तर डोळे टक्क उघडे. दुपारी मात्र जबाब देऊन तो पोलीस ठाण्यातून स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. "पाय उचलत नव्हते," एवढंच त्याचं म्हणणं. सकाळी उचलत नव्हते, दुपारी उचलायला लागले. ऐकणाऱ्याने समजायचं ते समजावं.

नगरपालिकेने चौकशीला पाठवलं रकानेबाईंना. हे नाव कचेरीने पाठीमागे ठेवलेलं; बाईंना ते माहीत होतं आणि त्यांनी ते मनातल्या मनात मंजूरही केलेलं होतं. फॉर्मातला एक रकाना कोरा राहिला तरी त्यांना जेवण जात नसे. माणसांकडेही त्या तशाच बघत: कोण काय बोलला हे सगळेच लिहितात, कोण काय बोलायचं टाळून गेला ते बाई लिहीत.

अहवाल पुढच्या बुधवारी द्यायचा होता आणि त्यात खरा रकाना एकच होता: हयगय, की हेतुपुरस्सर. पहिलं लिहिलं तर माशाची नोकरी जाणार होती. दुसरं लिहिलं तर मासा तुरुंगात जाणार होता.

"हेतू काय असेल त्याचा?" बाईंनी तलावाच्या व्यवस्थापकांना विचारलं.

व्यवस्थापकांनी टेबलावर तक्रारवही ठेवली. हळूच ठेवली, पण वर्मावर बोट ठेवावं तशी. "छत्तीस तक्रारी, मॅडम. सगळ्या माशाविरुद्ध, सगळ्या मयताच्या हातच्या. काकांना आम्ही तक्रारकाकाच म्हणायचो. माणूस किती दिवस सहन करणार? माझ्याविरुद्ध कुणी एवढं लिहिलं असतं तर मीही..." पुढचं वाक्य त्यांनी बाईंवर सोपवलं.

बाईंनी वही चाळली. पानांना छापील क्रमांक होते आणि दर पानावर एक तक्रार. तळाशी 'केलेली कार्यवाही' असा रकाना होता. छत्तीसच्या छत्तीस पानांवर तो कोरा होता. बाईंनी पानांचे क्रमांक बोटाने तपासायला घेतले.

छत्तिसाव्या पानानंतर अडतिसावं होतं. मध्ये शिवणीपाशी कागदाची दोऱ्याएवढी किनार उरली होती.

२

तलाव म्हणजे काचेच्या छताखालचा लांबलचक हॉल. आत बोललेलं घुमतं, आणि शब्द कानावर येईपर्यंत त्याचा नुसता आवाज होतो. दोन बाजूंना दोन उंच खुर्च्या होत्या, लोखंडी शिडीच्या. भिंतीवर पाटी होती: एक छोटी शिट्टी, लक्ष द्या. दोन छोट्या, जागेवर थांबा. तीन लांब, सर्वांनी ताबडतोब पाण्याबाहेर यावे.

दारातल्या खिडकीत कपाटांच्या किल्ल्या देणाऱ्या मावशी बसत. बाईंनी त्यांच्यापासून सुरुवात केली, कारण दारातल्या माणसाला कुणी मोजत नाही आणि तो सगळ्यांना मोजत असतो.

"शिट्टी ऐकली?"

"न ऐकून कुठं जाईन? तीन लांब. जीव काढल्यासारख्या."

"त्या दिवशी काकांनी वहीत काही लिहिलं होतं?"

"लिहिलं की. पाण्यात उतरायच्या आधी. खिशातला कागद बघून बघून लिहिलं. पेन माझंच. म्हणाले, मावशी, आज याचा निकाल लागलाच पाहिजे." मावशींनी किल्ल्यांचा जुडगा नीट लावला. "लागला."

"वहीत काय होतं?"

"माझी अक्षरओळख किल्ल्यांच्या नंबरापुरती. वही नंतर इथंच होती, या खिडकीत. माशाला उचलून माझ्याच खोलीत आडवा केला होता, तो होता. मग त्याचा जोडीदार धावत आला, दुसरा जीवरक्षक. मग व्यवस्थापकसाहेब. मी बाहेर काकांपाशी होते. तिघांपैकी कोण वहीपाशी गेलं, मी नाही बघितलं."

"जोडीदार धावत आला? म्हणजे तो आधी हॉलमध्ये नव्हता?"

मावशी एकदम किल्ल्या मोजायला लागल्या.

पोहणाऱ्यांपैकी बाईंनी शिंप्याला गाठलं, कारण शेवटी पाण्यात उडी मारली ती त्यानेच. दुकानात कपड्यांच्या ढिगाआड बसून तो हातातली सुई न ओवता बोलत राहिला.

"नियम पाळला बाई, तेच चुकलं. तीन शिट्ट्या झाल्या, आम्ही पाचही जण शहाण्यासारखे बाहेर आलो. बाहेर येऊन उभे. बघतो तर काका नाहीत. आम्ही माशाकडे बघितलं, आता हा उडी मारेल. तो आमच्याकडे बघतोय. काय डोळे! बुबुळाच्या वरचं पांढरंसुद्धा दिसत होतं. काहीतरी ओरडत होता, पण कानात बोळे, वर ते छत. मग मला कळलं, हा काही उठत नाही. मी उडी मारली."

"किती उशीर झाला?"

"तेव्हा मोजलं नाही. आता रोज मोजतो."

बाईंनी पान उलटलं. मग म्हणाल्या, "माशाचे कपडे तुम्हीच शिवता?"

"गणवेश. दोन महिन्यांत त्याची पँट दोनदा आत घेतली. कमर चार इंच उतरलीय. मी म्हटलं, काय रे, प्रेमात पडलास का? तर म्हणाला, अण्णा, खातो तर राक्षसासारखा."

बाईंनी लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात ते अजून ठरायचं होतं.

संध्याकाळी त्यांनी व्यवस्थापकांना पुन्हा एकच प्रश्न विचारला: माशाच्या तब्येतीबद्दल तुमच्या कानावर कधी काही आलं होतं का?

"अजिबात नाही. मी सोमवारी आलोच सव्वासातला. आणि हातांनी पाय उचलून शिडी चढतो वगैरे मला कुणी कधीच कळवलेलं नाही. कळवलं असतं तर मी त्याला त्या खुर्चीवर बसू दिलं असतं का?"

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. उतरवताना त्यांची पेन्सिल मध्येच एकदा थबकली. का थबकली, हे त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं नाही.

३

गुरुवारी त्या माशाच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. बाहेर गारठा होता, पण आत पंखा गरगरत होता आणि पंख्याखाली मासा बनियनवर, कपाळाला घाम. त्याची आई खांद्यावर शाल घेऊन कोपऱ्यात बसली होती.

मासा चटकन उठला, खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. पाय ठणठणीत. पेला मात्र बशीत किणकिणत होता.

"भीती वाटते?" बाईंनी पेल्याकडे बघत विचारलं.

"हात आधीपासून कापतात. दोन-तीन महिने झाले. छाती पण धडधडते. वाटलं, जागरणं होतात त्यामुळे."

"सोमवारी काय झालं ते सांगा. पोलिसांना सांगितलं तसं नको, झालं तसं."

"उठलो तेव्हाच मांड्या शिशासारख्या. कसाबसा खुर्चीवर चढलो. बसलो, आणि बसलो तो बसलोच. काका गेले खाली. मी उठायला गेलो तर कमरेखाली मी नव्हतोच. स्पर्श कळत होता, खुर्चीचं लोखंड गार लागत होतं, पण पाय ऐकत नव्हते. दंडही उचलेनात. शिट्टी ओठात होती, ती फुंकली. जेवढा दम होता तेवढी. मग ओरडलो, काढा त्यांना, मला उठता येत नाही." त्याने कपाळाचा घाम पुसला. "तीन लांब शिट्ट्यांनी लोक बाहेर येतात हे मीच त्यांना शिकवलंय. तेव्हा सुचलं नाही. एक छोटी वाजवली असती तर शिंपीअण्णा त्यांच्या शेजारीच होते."

"तुमचा जोडीदार कुठे होता?"

"असेल. मी बघितलं नाही."

आतापर्यंत सरळ बोलणारा माणूस या एका उत्तराला जमिनीकडे बघत होता. हजेरीवर दोघांच्याही सह्या होत्या, एकाच शाईत आणि एकाच घाईत. बाईंनी तोही रकाना भरला.

"काकांचा राग यायचा?"

"यायचा. खोटं कशाला सांगू? सकाळी सकाळी वहीत डोकं घालून माझं काहीतरी लिहिताना दिसायचे. पण बाई, राग आला म्हणून कुणी..."

आई मध्येच म्हणाली, "दोन ताटं जेवतो हो. तरी अंगाला लागत नाही. आता रविवारी बहिणीचं बिऱ्हाड हलवायचंय, कपाटं तिसऱ्या मजल्यावर. म्हटलं नको जाऊस, तर म्हणतो, घरात बसून वेड लागेल."

निघताना बाईंनी माशाकडे वळून बघितलं. तो आता शांत होता, नजर साधी होती, रागाचा लवलेश नव्हता. तरीही बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं.

४

मयताच्या मुलीने दार उघडलं ते बाईंची वाट बघत असल्यासारखं. शाळेत शिकवणारी, चाळिशीची. टेबलावर शाळकरी वह्यांची चळत तयार होती.

"बाबांचे कच्चे मसुदे," ती म्हणाली. "ते कुठलीही गोष्ट आधी घरी खरडायचे, चार वेळा दुरुस्त करायचे आणि मग पक्की लिहायचे. दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा. मी अजून वाचल्या नाहीत, वाचवत नाहीत. तुम्ही वाचा. त्या माणसाने त्यांना किती छळलं ते सगळं यात असेल. मला एवढंच हवंय, बाई. तो सुटता कामा नये."

"तो दोषी असेल तर सुटणार नाही."

"असेल तर?" मुलीचा आवाज जराही चढला नाही. "माझे बाबा बुडत होते आणि तो त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. अजून काय असायचं राहिलंय?"

बाई वह्या घरी घेऊन आल्या आणि उजेडात बसून वाचायला लागल्या. वाचताना एक-दोनदा त्यांना हसू आलं आणि त्याची लाजही वाटली.

'जीवरक्षक सदस्यांकडे डोळे वटारून बघतो. कारण विचारता "मी बघतच नव्हतो" असे उत्तर मिळाले. न बघता डोळे वटारता येतात काय?'

'भर थंडीत सगळी दारे उघडी टाकतो. आम्ही कुडकुडतो, हा घाम पुसतो.'

'कामावर असताना खातो. आज दोन पाव, पाच केळी. मोजली.'

'चहाचा कप बशीत वाजतो. ज्याचे हात स्थिर नाहीत, त्याच्या हाती आमचे प्राण.'

'हाक मारल्यावर उठायला तीन मिनिटे लावली. घड्याळ लावून पाहिले. उद्धटपणाची कमाल.'

तक्रारी माणसाविरुद्ध होत्या, पण बाईंना त्यात माणसाचा स्वभाव कुठेच सापडेना. सापडत होते ते डोळे, घाम, भूक, हात, पाय. त्यांनी कोरा कागद घेतला, रेघा मारल्या. तारीख. वार. काय दिसलं. वार लिहिता लिहिता त्या सावरून बसल्या. घाम, भूक, थरथर कुठल्याही वारी होती. पण उठायला उशीर, जिना कठडा धरून, शिडीवरून घसरला, अशा सात तक्रारी होत्या. सातही सोमवारच्या.

आणि शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर सदतिसाव्या तक्रारीचा मसुदा होता. पुष्कळ खाडाखोड, खाली स्वच्छ अंतिम मजकूर. बाईंनी तो वाचला आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि एका ओळीखाली बोट धरलं:

'मागील सोमवारी सदर इसम दोन्ही हातांनी आपला पाय उचलून शिडीच्या पायरीवर ठेवताना मी प्रत्यक्ष पाहिला.'

व्यवस्थापकांचं वाक्य उतरवताना पेन्सिल जिथे थबकली होती, तेच हे शब्द.

५

पण पान कुणी फाडलं हे कळल्याने मासा सुटत नव्हता. त्याच्या तब्येतीला नेमकं झालंय काय, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. बाईंच्याच इमारतीत एक डॉक्टरीणबाई राहत, मोठ्या रुग्णालयात होत्या. शनिवार-रविवार त्या परगावी. सोमवारी सहाच्या सुमाराला त्या कामावर निघताना बाईंनी त्यांना फाटकातच अडवलं आणि रेघा मारलेला कागद पुढे केला.

डॉक्टरीणबाई उभ्या उभ्या वाचत गेल्या. चेहऱ्यावरची झोप उतरली.

"कुणी लिहिलंय हे?"

"एका तक्रारखोर माणसाने."

"आमच्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांनी असं टिपण काढलं तर मी पेढे वाटेन. वजन उतरणं, भूक, घाम, थरथर, धडधड, वर ओढल्या गेलेल्या पापण्या. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करतेय. त्याला कुणाकडे डोळे वटारायची गरज नाही, ते तसेच राहतात. पण हे सोमवारचं... रविवारी काय करतो तो?"

"रविवारी तलाव बंद. लांब दांड्याच्या ब्रशाने पूर्ण तळ घासायचं काम त्याच्याकडे. दिवसभर."

"आणि संध्याकाळी पोटभर जेवून झोपतो."

"दोन ताटं."

"अंगमेहनत, मग पोटभर भात-पोळी-गोड, मग विश्रांती. थायरॉइड चढलेल्या काही तरुण पुरुषांमध्ये अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरतं. ते शरीराबाहेर जात नाही, स्नायूंच्या आत जाऊन बसतं. म्हणजे हिशेबात आहे, पण चुकीच्या कपाटात. मग पहाटे हातपाय लुळे. शुद्ध असते, बोलता येतं, स्पर्श कळतो, फक्त हलता येत नाही. काही तासांनी ते आपोआप परत येतं आणि माणूस चालायला लागतो. जग म्हणतं, नाटक."

बाईंनी विचारलं, "म्हणजे त्याच्या जिवाला काही नाही ना?"

"पाय गेले तर माणूस खुर्चीत अडकतो. पण पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाची लय जाते, आणि मग..." त्यांनी कागदावर 'वार' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. "बाई, आज सोमवार आहे."

रविवारी बहिणीचं बिऱ्हाड. कपाटं, तिसरा मजला.

दोघी पोचल्या तेव्हा माशाची आई दारातच होती. "बरं झालं आलात. बघा ना, उठतच नाहीये. मी ओरडले, आता इथं पण नाटक करतोस का म्हणून." तिच्या हातात पदराचा पिळा झाला होता.

मासा अंथरुणावर उताणा होता. मान वळवून त्याने बाईंकडे बघितलं. "उठून बसता येत नाही, माफ करा."

बाईंनी अख्ख्या नोकरीत चौकशीतल्या माणसाला अरे-तुरे केलं नव्हतं. आता म्हणाल्या, "पडून राहा रे बाळा. तू नको उठूस."

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि लगेच शेजाऱ्यांना बोलवायला सांगितलं.

शेजारच्यांनी चादरीत घालून त्याला खाली नेलं. रुग्णालयात त्याच घटकेला रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. पोटॅशियम साडेतीनच्या वर असायला हवं, ते एक पूर्णांक आठ होतं. औषध सुरू झालं ते थेंबाथेंबाने आणि यंत्रावर नजर ठेवून. "घाई केली तर लपलेलं एकदम बाहेर येतं आणि उलटा घात होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दहाच्या सुमाराला जोडीदार आला. दारातूनच त्याने खाटेवरचा निश्चल मासा बघितला, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"मी त्याला म्हटलं होतं, नाटकी आहेस," तो म्हणाला. "त्या दिवशी खोलीत, तो पडलेला असताना. सगळ्यांसारखाच."

"तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"घरी. झोपलेलो. थंडीत सकाळी माणसं कमी, म्हणून एकाने यायचं आणि दोघांच्या सह्या करायच्या. आज तू, उद्या मी. साहेबांना माहीत होतं, ते म्हणायचे, मला कागद पूर्ण दिसला पाहिजे. माशाने माझं नाव घेतलं नाही?"

"नाही."

"मी घेतो," जोडीदार म्हणाला. "लिहा."

साडेअकराला माशाच्या उजव्या पायाचा गुडघा चादरीखाली एक इंच वर आला. आईने तोंडात पदर कोंबला.

६

बुधवारी नगरपालिकेच्या लांब खोलीत सगळे बसले. मोठे साहेब अध्यक्षस्थानी, व्यवस्थापक, जोडीदार, मावशी, शिंपी, डॉक्टरीणबाई. एका टोकाला मयताची मुलगी, दुसऱ्या टोकाला मासा आणि त्याची आई. मधलं अंतर कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पाळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सोमवारचे कागद मांडले. थायरॉइडचा अहवालही आला होता, आकडा आकाशाला भिडलेला. उपचाराने बरं होण्यासारखं होतं. मुलीने ते ऐकलं, पण तिचा चेहरा बंदच राहिला.

मग बाई बोलल्या. "वहीतलं एक पान गेलंय. मोका तिघांना होता. माशाने फाडलं असतं तर छत्तीस ठेवून एकच का फाडलं असतं? जोडीदाराला लपवण्यासारखं होतं ते त्याने स्वतःच कबूल केलंय. म्हणजे सदतिसावी ज्याला झोंबणारी होती, त्याला आधीच्या छत्तिशीशी देणंघेणं नव्हतं. व्यवस्थापकसाहेब, मी तुम्हाला विचारलं होतं, माशाच्या तब्येतीबद्दल काही कानावर आलं होतं का. तुम्ही म्हणालात, हातांनी पाय उचलून शिडी चढतो वगैरे मला कुणी कळवलेलं नाही."

"मग? खरंच नाही कळवलं."

"तोपर्यंत ही गोष्ट माझ्याशी कुणीही बोललं नव्हतं. ना पोलिसांच्या जबाबात होती, ना मावशींच्या, ना माशाच्या. ती फक्त एका माणसाने पाहिली होती आणि एकाच पानावर लिहिली होती. न कळवलेली गोष्ट तुम्हाला इतकी नेमकी कशी माहीत?"

व्यवस्थापकांनी समोरची फाईल मिटली.

"मी नंतर वाचलं," ते म्हणाले. "सगळं झाल्यावर. खिडकीत वही उघडीच होती. वाचलं, आणि हातांनीच फाडलं."

"आधीच्या छत्तीस?"

"त्या कुणी वाचतं का, मॅडम? रोजची कटकट." ते टेबलाकडे बघत होते. "एकही वाचली नव्हती."

मोठे साहेब म्हणाले, "त्या पानावर होतं तरी काय?"

बाईंनी वही उघडली, मग मुलीकडे बघितलं. "तुम्ही वाचता? अक्षर तुमच्या ओळखीचं आहे."

मुलगी उठली. तिने वही घेतली आणि वर्गात वाचावं तशा सपाट आवाजात सुरू केलं.

'मागील सोमवारी सदर इसम दोन्ही हातांनी आपला पाय उचलून शिडीच्या पायरीवर ठेवताना मी प्रत्यक्ष पाहिला. त्यावरून आजवरच्या माझ्या तक्रारींचा मी फेरविचार केला. उद्धटपणा, आळस व बेपर्वाई हे शब्द मी मागे घेतो. हा मनुष्य आजारी असावा. तो स्वतः सांगणार नाही, कारण त्याला नोकरीची भीती वाटत असावी. तरी व्यवस्थापनाने त्याला त्वरित दवाखान्यात पाठवावे, त्याचा पगार कापू नये, आणि तोपर्यंत ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी. दोन खुर्च्यांपैकी एक रोज रिकामी असते, हेही...'

सपाट आवाज तिथे मोडला. तिने पुढचं मनात वाचलं. मग खाली बसली, आणि खूप वेळ त्या पानावर हात ठेवून राहिली.

अहवालातला रकाना बाईंनी तिथेच भरला. माशाच्या नावापुढे त्यांनी 'हयगय'ही लिहिलं नाही आणि 'हेतुपुरस्सर'ही लिहिलं नाही; 'आजार' लिहिलं, आणि दुसऱ्याची सही केल्याबद्दल वेगळी ओळ. हयगय व्यवस्थापकांच्या नावापुढे गेली, पान फाडल्याची नोंद पोलिसांकडे.

माणसं पांगली. मुलगी वही घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली, माशासमोर उभी राहिली. तो उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. तिने वही त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. मुद्रितशोधकांनी घरच्या सगळ्या वह्यांतही प्रत्येक तक्रारीखाली पट्टीने रेघा मारून एक चौकट आखली होती, बाजूला 'उत्तर' लिहून. सदतीसही चौकटी रिकाम्या होत्या. "बाबांना कुणी उत्तर दिलं नाही की जेवताना सारखं तेच बोलायचे. तुम्ही द्या. निदान शेवटच्याला."

माशाने पेन घेतलं. हात कापत होता, टोक कागदावर दोनदा आपटलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. बाई दारात थांबल्या. कुणीतरी रकाना भरत असताना पाठ फिरवून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

अक्षर वेडंवाकडं आलं, चौकटीच्या रेघेवरून एकदा बाहेरही गेलं. पण वाचता येत होतं.

'तक्रार बरोबर होती.'